बारा खुंट्या

तिसऱ्या खुंटीजवळचं मूळ गेल्या वर्षीच्या खुणेपासून अकरा सेंटिमीटर वर आलं होतं, आणि ते सरळ नव्हतं. टोकाचा दोन बोटं भाग पूर्वेला, म्हणजे होडी ज्या पट्ट्यातून जात असे त्या बाजूला वाकला होता. हेमांगीनं कोनमापक लावला. एकोणीस अंश. मग तिनं चिखलातून वर आलेली शेजारची चार मुळं मोजली. सतरा, एकोणीस, वीस, अठरा. कुणीतरी हाक मारल्यावर माणसांनी माना वळवाव्यात, तशी पाचही मुळं एकाच बाजूला वळली होती.

"किती?" शेवंतीनं कुजबुजत विचारलं. ती होडीच्या मागच्या फळीवर बसली होती. तिच्या वल्ह्याच्या पात्याला जुन्या गोधडीचा तुकडा शिवलेला होता. त्यामुळे वल्हं पाण्यात शिरताना आवाज होत नसे.

"अकरा," हेमांगी तितक्याच हळू म्हणाली. "गेल्या वर्षी सात होतं."

"आमच्या पोरांपरास बरां वाढता."

हेमांगीनं वहीत आकडा लिहिला आणि पेन्सिल आवाज न करता खिशात ठेवली. या खाडीत सगळ्याच गोष्टी आवाज न करता करायच्या असत.

आडखोल गावातल्या बायकांचा गट ही 'मौनफेरी' चालवत असे. पेठेच्या धक्क्यापासून निघायचं, कांदळवनातल्या अरुंद खाडीतून दीड तास वल्हवत आडखोलला पोचायचं आणि सबंध वाटेत बोलायचं नाही. बगळा दिसला की शेवंती बोट दाखवी, खेकडा दिसला की दोन बोटं. शहरातून आलेले लोक ओल्या डोळ्यांनी उतरत आणि इतकी शांतता आपण कधी अनुभवली नव्हती असं सांगत. "मुंबैचे पावणे हंय येवन गप बसूचे पैशे देतत," शेवंती म्हणायची. "घराक बायलेन गप बस म्हटल्यान की त्यांका राग येता."

डॉ. हेमांगी फणसळकर मात्र दर माघात येई ती मोजायला. खाडीच्या कडेनं तिनं मोजणीच्या पहिल्या वर्षी बारा खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीपाशी एक मीटर लांब-रुंद चौकट ठेवायची, आतली मुळं मोजायची, त्यांची उंची आणि वाकण लिहायची, पुढं जायचं. गेली दहा वर्षं प्रत्येक खुंटीचा आकडा वाढतच होता. हे जंगल तिनंच लावलं होतं.

झाडाला सतत हलवलं की ते मजबूत होतं, ही गोष्ट जुनीच. उघड्या माळावर वाऱ्यात वाढलेल्या झाडाचा बुंधा आडोशाच्या झाडापेक्षा जाड असतो. हेमांगीच्या प्रयोगशाळेनं खारफुटीतल्या तिवराच्या मुळांतली ही जाणीव शेकडो पटींनी तीक्ष्ण केली. पाण्यातून आणि चिखलातून येणारा हादरा या झाडाच्या मुळांना कळे, आणि जिथून हादरा येई तिकडे ती वाढत. लाट जिथं जोरात आदळते तिथं मुळं दाट होणार, दाट मुळांत पाणी मंदावणार, मंद पाण्यातला गाळ खाली बसणार आणि जमीन उचलली जाणार. समुद्र वर्षाला बोटभर चढत होता आणि दगडी बंधारे एकामागून एक खचत होते, त्या काळात हे झाड आलं. कागदोपत्री त्याचं नाव 'लाटवेधी तिवर'. आडखोलकरांनी त्याला 'आयकी' म्हटलं, म्हणजे ऐकणारी. सोळा वर्षांपूर्वी ग्रामसभेत उभं राहून हेमांगी म्हणाली होती, "हे झाड तुम्हाला इथून हलू देणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिली चार वर्षं जंगलानं समुद्र अडवला, आडखोलसाठी आणि मागच्या सात गावांसाठीही. मग ते गावाच्या बाजूनंही सरकू लागलं. भातखाचरात रानडुकरं शिरली की ढोल बडवून त्यांना हुसकायचं, ही तिथली रीत. शेवंतीच्या नवऱ्यानं, भिकाजी गिरपनं, वाडीतली माणसं जमवली आणि जंगलाच्या कडेला उभं राहून आठ दिवस ढोल बडवला. नवव्या दिवशी झाडांची पानं गळाली. झाडं भ्यायली असं समजून त्यांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी ढोल वाजवला. झाडं पानांतली ताकद काढून मुळांत घालत होती, हे कळेपर्यंत त्या जागी हात घालायलाही फट उरली नव्हती. त्या भिंतीनं मागच्या गावांकडची पायवाटही बुजली आणि होडी हीच एक वाट उरली; लोक तिला अजून 'ढोलबांध' म्हणत. कुऱ्हाड घातली की घावाच्या हादऱ्यानं दुप्पट फूट यायची, म्हणून तोडणंही बंद झालं.

तेव्हा हेमांगीनं एक सूचनापत्रक छापून वाटलं. इंजिनाच्या होड्या नकोत, उखळ-मुसळ नको, खांब ठोकणं नको, आवाज कमी ठेवा. गावानं ते देवाच्या कौलासारखं पाळलं. लग्नातले बाजे गेले. पोरं अनवाणी चालायला शिकली. मग हळूहळू बोलणंही खाली आलं. बाई बाळंतपणाला पेठेत जाई ती मूल कुजबुजायला शिकेपर्यंत, दीडेक वर्ष तरी, तिकडेच राही. रडणारं मूल आडखोलात आणायचं नाही, असा नियम गावानं आपला आपणच केला होता.

तिसरी खुंटी झाली. शेवंतीनं होडी चौथ्या खुंटीकडे न नेता डावीकडे, पश्चिमेच्या फाट्यात वळवली.

"शेवंतीताई, इकडे कुठे? ती वाट बंद आहे ना?"

"बंद नाय. थंय कोण जायत नाय, म्हणान बंद वाटता. आज तुमका एक दाखवूचा आसा."

उपग्रहाच्या चित्रांत हा सगळा पट्टा गर्द हिरवा दिसे, समुद्राच्या काठापर्यंत सलग. इतक्या दाटीत होडी चार हात जाऊन अडकेल असं हेमांगीला वाटत होतं. होडी अडकली नाही. मुळं विरळ होत गेली. दोन्ही बाजूंची झाडं उंच होती, माथ्यावर पानं एकमेकांत मिसळली होती, पण खाली, जिथं चिखलात हजारो मुळांची बोटं उभी असायला हवी होती, तिथं नुसतं पाणी होतं. पाणी वाहत होतं. खाडीतलं पाणी इतकं जोरात वाहत नसे.

शेवंतीनं वल्हं आडवं धरून होडी एका झाडाला टेकवली. "हात लावा."

हेमांगीनं बुंध्याला तळवा लावला आणि जरासं ढकललं. हातभर जाडीचं ते झाड हलत्या दातासारखं हललं.

तिनं दुसरं ढकललं, मग तिसरं. तिसऱ्याच्या पलीकडे प्रकाश होता. पानांच्या झालरीखालून उघडा समुद्र दिसत होता, आणि प्रत्येक लाट झाडांच्या पायांमधून बिनअडथळा आत येत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"माका गेल्या दिवाळीक दिसला. जाळां धुवूक इललंय. पाणी असां आत कित्याक येता म्हणान बघूक गेलंय." शेवंतीनं वहीकडे बोट दाखवलं. "डॉक्टरबाय, तुमचे खुंट्ये खंय आसत?"

"खाडीच्या कडेनं."

"म्हणजे जंय होडी जाता थंय."

हेमांगीनं खाली पाहिलं. तिच्या मांडीवर वही उघडी होती. दहा वर्षं, बारा खुंट्या, दर वर्षी वाढत गेलेले आकडे. खुंट्या होडीच्या वाटेवर होत्या, कारण होडीशिवाय तिथं पोचता येत नव्हतं. आणि होडी जिथून जात होती तिथंच मुळं वाढत होती. दहा वर्षं तिनं जंगल मोजलंच नव्हतं. तिनं माणसांची ये-जा मोजली होती, आणि ती मोजायला आली म्हणून त्या येण्या-जाण्यात आणखी भर पडली होती.

"ह्यां झाड समुद्राक सोडून आमका कित्याक आयकता?" शेवंतीनं विचारलं. "लाट मोठी. आमचा पाऊल तां केवढा!"

"लाट मोठी असते, पण तिचा भरवसा नाही," हेमांगी सावकाश म्हणाली. बोलता बोलताच तिला ते पूर्ण कळत होतं. "पावसाळ्यात उसळते, मग सहा महिने नुसती सळसळ. प्रत्येक वेळी वेगळी. झाडाकडे ताकद मोजकीच असते, ती कुठं खर्चायची हे त्याला ठरवावं लागतं. तुमचं पाऊल लहान, पण रोज येतं. त्याच वेळेला, त्याच वाटेनं. विहिरीवर, धक्क्यावर, खाडीत. ज्याचा नेम आहे तिकडे मुळं जातात. आम्ही त्याला हादरा ओळखायला शिकवलं. कोणता हादरा महत्त्वाचा, ते त्याचं त्यानं ठरवलं."

"म्हणजे त्येनी समुद्राकडे पाठ केल्यान."

"हो."

"आणि तोंड आमच्याकडे."

एक लाट आत आली आणि होडी उचलली गेली. वरची पानं हिरवीगार चमकत होती.

"आमी गाव सोडलो तर?" शेवंतीनं विचारलं. तिनं हा प्रश्न पुष्कळ दिवस मनात घोळवला असावा, कारण तिचा आवाज अजिबात हलला नाही. "आमी गेलो, पाऊल बंद झाला, तर परत फिरात समुद्राकडे?"

हेमांगीला हो म्हणता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःशी हो म्हणाली होती. "नाही," ती म्हणाली. "दुसरं पाऊल शोधेल. तुमच्या मागे पाटवाडी आहे. तिथल्या शाळेत दोनशे मुलं रोज सकाळी कवायत करतात."

"मगे?"

"मग पेठ. मग पुढची गावं. एकेक करून."

"सगळ्यांनी गप बसूचा."

"बसून भागत नाही, शेवंतीताई. तुम्ही दहा वर्षं बसलात. तुम्ही श्वास घेता, चालता, पाणी भरता, तेवढं त्याला पुरतं. तिथं कुणीच नसेल, तरच ते समुद्राकडे वळेल."

शेवंतीनं बाहेरच्या समुद्राकडे पाहिलं. "मगे समुद्र अडवूचो कोणासाठी?"

तिनं होडी वळवली. परतल्यावर मधल्या खुंट्यांपाशी दोघी थांबल्या नाहीत. हेमांगीच्या पायाशी मोजमापाची पेटी होती. चौकट, फीत, कोनमापक, आणि तळाला फडक्यात गुंडाळलेली पोलादी नळी. नळीत 'विझवणी' होती. ती प्रयोगशाळेनं झाडाबरोबरच बनवून ठेवली होती, कारण बंद करता येणार नाही अशी गोष्ट जिवंत करायची नाही, हा तिथला नियम. आयकीची मुळं चिखलाखाली एकमेकांत जुळून एक झालेली होती, त्यामुळे एका मुळाला टोचलेली विझवणी सगळ्या जंगलात पसरणार होती. थोडंसंच मारायची सोय नव्हती. चाळीस दिवसांत पानं जातील. मेलेलं लाकूड आणि मुळं आणखी तीन पावसाळे गाळ धरून ठेवतील. मग कुजतील, आणि समुद्र आत येईल. त्या तीन वर्षांत आठही गावांना उठावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी आठ ग्रामसभांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, की जंगल राखण्यापेक्षा मारणं बरं असं डॉक्टरबाईंना वाटेल त्या दिवशी त्यांनी ते मारावं. तारखेची जागा कोरी होती. दर माघात हेमांगी नळी घेऊन येई, बारा खुंट्या मोजी, आकडे वाढलेले पाही आणि नळी परत नेई. गावाची घुसमट तिला दिसत होती. पण समुद्राकडची बाजू भक्कम आहे असं आकडे सांगत होते, आणि तिनं तीन वर्षं त्या आकड्यांचा आडोसा घेतला होता.

बारावी खुंटी जवळ आली. आडखोलच्या धक्क्याच्या अलीकडे खाडी सगळ्यात अरुंद होते, त्या जागेला 'चिमटा' म्हणत. हेमांगीनं दोन्ही काठांच्या मुळांमध्ये फीत धरली. एकशे अडतीस सेंटिमीटर. गेल्या वर्षी एकशे ब्याण्णव. होडीची रुंदी एकशे वीस. तिनं वहीत भागाकार केला नाही, त्याची गरज नव्हती. चार महिने.

धक्क्यावर तीन-चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यात शेवंतीची सून चंद्रिका होती, पोटावर हात ठेवून, पाय लांब करून. सासूला बघून तिनं हात हलवला.

"उद्या तिका पेठेत नेवची आसा," शेवंती कुजबुजली. "आठवो सरलो. दीड वर्सान येतली पोराक घेवन." तिनं फितीकडे पाहिलं. "येतली मां?"

हेमांगीनं फीत गुंडाळली.

"सांगा, डॉक्टरबाय. येतली?"

"होडी आत येणार नाही."

"मगे हंयच बाळंत होऊंदे? पोर रडात. सगळो गाव उठात माझ्यार. रडला की आयकी येता..."

"रडणं त्याला ऐकू येत नाही," हेमांगी म्हणाली.

शेवंतीचं वल्हं पाण्यात थांबलं.

"हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही, वरच्या वरच परत फिरतो. हजारातला एखादा भाग आत जातो, तो कशाच्याच कामाचा नसतो. ढोल जमिनीवर ठेवून वाजवला, तो जमिनीतून पोचला. मुसळ पोचतं, पाऊल पोचतं. रडणं नाही. बोलणं नाही. पत्रकात मी 'आवाज' लिहिलं, तेव्हा माझ्या मनात इंजिनं होती."

"ह्यां तुमका कधीपासून म्हायत?"

"पहिल्यापासून. तुम्ही बोलणंही बंद केलंय हे मला दुसऱ्या वर्षी कळलं."

"आणि सांगूक नाय."

"बोलणं हळू झालं की चालणंही हळू होतं, असं मला दिसलं. चालणं हळू व्हायला हवं होतं. म्हणून राहू दिलं."

होडी चिमट्यात आपोआप हळूहळू फिरली आणि तिची कड एका मुळाला घासली. शेवंतीनं वल्हं टेकवून ती सोडवली.

"माझो थोरलो नातू दीड वर्साचो होवन इलो," ती म्हणाली. "मी त्याका रडताना कधी आयकाक नाय. घोव मेलो तेव्हा मी तोंडात पदर कोंबून बसलंय. बाजूच्या बायका माझे हात धरून होते, माझ्या तोंडातसून आवाज भायर पडात म्हणान." तिनं मान वर केली. "त्येका आयकूक येयत नव्हता?"

"नाही."

"ह्यां झाड मेला तर समुद्र येतलो. होय ना?"

"तीन पावसाळ्यांनी."

"आणि जगला तर?"

"तरी येईल. आज तुम्हीच मला दाखवलंत. फक्त तेव्हा इथून बाहेर पडायला वाट नसेल."

"तुमच्या पेटयेत औषध आसा. दर वर्सा घेवन येतास. आमका म्हायत आसा, फडक्यातली नळी. आमी बायका दर वर्सा बघतो, आज काढतली की नाय." आणि मग शेवंती गिरप मोठ्यानं बोलली. आवाज आधी फुटला, गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला, मग मोकळा झाला. "काय करतलास तां मोठ्यान सांगा! कुजबुजू नकात!"

धक्क्यावरच्या बायका एकदम उठल्या. तिघींनी तोंडावर बोट ठेवलं. चंद्रिकेनं दोन्ही हातांनी पोट झाकलं.

हेमांगीनं पेटी उघडली. चौकट बाजूला ठेवली, फीत बाजूला ठेवली आणि फडकं सोडलं. नळी थंड होती. बाराव्या खुंटीपाशी, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, मुळांची एक ओळ पाण्याबाहेर आली होती, आणि प्रत्येक मुळाचं टोक होडीकडे वळलं होतं. आपण लावलेल्या प्रत्येक रोपाची जागा तिला अजून आठवत होती. तिनं श्वास घेतला. दहा वर्षांत या खाडीत ती कधीच मोठ्यानं बोलली नव्हती, आणि कुठल्या पट्टीत बोलायचं ते तिला क्षणभर सुचेना.

मग धक्क्यावरच्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हे जंगल मी मारते आहे. आज, इथं, या भरतीला."